धुराची वाट : महाराष्ट्रातील चूल, तिची रचना आणि तिची राखण

अमरसिंहाच्या अमरकोशात चुलीला पाच नावे दिलेली आढळतात : अश्मन्त, उद्धान, अधिश्रयणी, चुल्ली आणि अन्तिका. यांतल्या पहिल्या नावात ‘अश्मन्’ म्हणजे दगड आहे आणि त्यावरून तीन दगडांच्या चुलीची आठवण होते. चौथे नाव घासून घासून मराठीत ‘चूल’ झाले. उचलून नेता येणाऱ्या विस्तवाच्या पात्राला, म्हणजे आजच्या शेगडीला, त्याच कोशात ‘हसन्ती’ असे देखणे नाव आहे. मनुस्मृतीने मात्र चुलीची गणना गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसास्थानांत केली असून जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही उरलेली चार स्थाने होत. त्या हिंसेत किडामुंगीचा विचार झाला आहे; चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा आणि फुप्फुसांचा हिशेब मांडला जायला विसावे शतक निम्म्याहून अधिक सरावे लागले.

दख्खनमध्ये स्वयंपाकाच्या आगीचे पुरावे याहून कितीतरी जुने आहेत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि त्यात इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या कालखंडातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तेथील घरांत अंडाकृती खड्ड्यांच्या चुली सापडल्या, तशाच घरांलगतच्या मोकळ्या अंगणातही चुली सापडल्या. आग घरात ठेवावी की बाहेर, हा प्रश्न तेव्हाही दोन्ही प्रकारे सोडवला जात होता, एवढे त्यावरून म्हणता येते.

चुलीच्या इतिहासात दोन कसबे एकमेकांत मिसळलेली आहेत आणि ती वेगळी करून पाहिल्याशिवाय पुढच्या घडामोडींचा अर्थ लागत नाही. पहिले कसब चूल घालण्याचे, म्हणजे माती, तूस, शेण आणि दगड-विटा यांतून ती रचण्याचे. दुसरे ती चालवण्याचे, म्हणजे सरपण निवडणे, वाळवणे, जाळ घालणे, तो आवरणे, राख काढणे आणि विस्तव राखणे. सुधारकांनी, शास्त्रज्ञांनी आणि सरकारी योजनांनी पहिल्या कसबाकडे जेवढे लक्ष दिले, त्याच्या चतुर्थांशही दुसऱ्याकडे दिले नाही, आणि चुली सुधारण्याच्या बहुतेक प्रयत्नांना मिळालेले तोकडे यश या एका दुर्लक्षाने बऱ्याच अंशी समजते.

देशावरच्या मातीच्या चुलीची रचना साधी भासते, पण ती विचारपूर्वक केलेली असते. घोड्याच्या नालासारख्या वळणाच्या भिंतीला पुढून तोंड असते; त्यातून लाकूड आत सारले जाते आणि हवाही तेथूनच येते. वरच्या काठावर मातीचे तीन उंचवटे असतात. भांडे त्यांवर टेकते, आणि भांडे व काठ यांच्यामध्ये जी फट उरते तिच्यातून ज्वाला आणि धूर बाहेर पडतात. ही फट फार अरुंद झाली तर आग गुदमरते व धूर तोंडाकडे उलटतो, फार रुंद झाली तर जाळ भांड्याला न लागता वाया जातो. हाताच्या बोटांनी मापून घातलेल्या या फटीचे महत्त्व आधुनिक अभियंत्यांनी प्रयोगशाळेत नव्याने शोधले. मुख्य चुलीच्या बाजूला किंवा मागे, आतल्या भुयाराने जोडलेले दुसरे लहान तोंड असते त्याला ‘वैल’ म्हणतात. चुलीवर भाकरी किंवा भात होत असताना तिकडून निसटणारी धग वैलावरच्या आमटीला किंवा दुधाला मिळते, म्हणून वैलासाठी वेगळे लाकूड लागत नाही. चुलीलगतच्या मातीच्या कट्ट्याला कित्येक भागांत भानवस म्हणतात. तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरासमोर, म्हणजे निखाऱ्यांच्या थरासमोर, उभी करून फुगवण्याची सोय या सगळ्या मांडणीतच होते. एका जाळावर तीन कामे करणारी ही रचना ‘मागासलेली’ ठरवण्याची घाई पुढे पुष्कळांनी केली.

चूल चालवण्याचे कसब समजण्यासाठी लाकूड जळते म्हणजे काय होते हे पाहणे आवश्यक आहे. लाकूड तापले की आधी त्यातले पाणी वाफ होऊन जाते, नंतर सुमारे दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसपासून पुढे त्यातून ज्वलनशील वायू सुटू लागतात, आणि ज्वाळा दिसतात त्या या वायूंच्या असतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूपाने निघून जातो व मागे उरणारा कोळसा निखारा होऊन जळतो. या वायूंना पुरेशी हवा आणि सहाशे अंशांच्या आसपासची उष्णता मिळाली नाही, तर ते अर्धवट जळून धूर, काजळी आणि डांबरासारखा चिकट द्रव बनतात. धूर म्हणजे वाया गेलेले सरपणच होय. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते आणि उकळीला आलेल्या एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. ही उष्णता भांड्याला न मिळता लाकूड वाळवण्यातच खर्ची पडते आणि आग थंडावून धूर वाढतो. म्हणून धूर कमी करण्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत स्वस्त उपाय चुलीत नसून लाकडाच्या रचाईत आहे.

कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या तयारीला ‘आगोट’ म्हणतात आणि मीठ, मिरची, सुकी मासळी यांच्या बरोबरीने सरपणाची बेगमी हा त्या आगोटीचा कणा असे. मृग नक्षत्र लागण्याआधी फाटी फोडून, उन्हात वाळवून, पडवीत किंवा माळ्यावर अशी रचली जात की खालून ओल चढू नये आणि मधून वारा खेळावा. देशावर बाभळीच्या लाकडाला मान होता, कारण त्याचा निखारा कडक आणि टिकाऊ असतो. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाटी आणि तुराट्या, म्हणजे कापसाची व तुरीची वाळलेली झाडे, झटकन पेटण्यासाठी उपयोगी पडत, मात्र ती सतत पुढे सारावी लागत असल्याने बाईला चुलीपुढून उठता येत नसे. गोवरी सावकाश जळते आणि पुष्कळ धूर करते, पण दूध तापवणे किंवा रात्रभर विस्तव राखणे यासाठी तिच्यासारखे इंधन नाही. जाणती बाई चूल पेटवताना बारीक काड्या, मग ढलप्या, मग फोडलेले लाकूड असा क्रम ठेवी, चुलीचे तोंड कधी ठासून भरत नसे, लाकडाचे टोक जळेल तसतसे ते पुढे सारी, आणि ज्वाळा मंदावून धूर वाढताच फुंकणीने नेमक्या जागी हवा देई. फुंकणी ही साधी लोखंडी किंवा पितळी नळी असली तरी आगीच्या तळाशी हवा पोचवणे हेच तिचे काम होते. पुढे सुधारित चुलींत लोखंडी जाळी बसवून खालून हवा घेण्याची जी सोय झाली, ती हेच काम न थकता करते.

आगपेटी घरोघर पोचण्यापूर्वी विस्तव राखणे हे रोजचे कर्तव्य होते. रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे, पहाटे राख सारून त्यांवर काटक्या घालायच्या, आणि ते विझले असतील तर शेजारणीकडून विस्तव आणायचा, असा क्रम असे. दोन घरांत ‘विस्तव जात नाही’ म्हणजे वैर आहे, हा वाक्प्रचार याच देवघेवीतून आला. तसेच घर फुटले की ‘चूल वेगळी’ होते आणि सगळ्या कुटुंबाला आमंत्रण द्यायचे असेल तर ‘चुलीला अक्षत’ दिली जाते. राखेने झाकलेला निखारा हवा न मिळाल्याने मंद राहतो आणि तासन्‌तास टिकतो, म्हणून उकिरड्यावर टाकलेली राख वरून थंड दिसली तरी पोटात आग बाळगून असू शकते. गवताने शाकारलेल्या घरांच्या वस्तीत उन्हाळ्यात हे विशेष भयाचे असे. झाकपाक करताना अर्धवट जळकी लाकडे ओढून पाणी शिंपडून विझवणे, चुलीचे तोंड मोकळे करणे, आणि मग शेणमातीचे पोतेरे फिरवणे ही रोजची पद्धत शुचितेच्या नावाने पाळली गेली, पण तिच्यामुळे चुलीला पडलेल्या भेगाही रोजच्या रोज बुजत, आणि भेगाळलेली चूल नको तेथून हवा खाते व नको तेथून धूर ओकते हे लक्षात घेतले तर पोतेऱ्याला दुरुस्तीचे काम म्हणणेच अधिक योग्य ठरते.

सर्व रूढी मात्र अशा शहाण्या नव्हत्या. बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या बंद करून बाजेखाली शेगडी ठेवण्याची आणि ओवा-शेपांची धुरी देण्याची चाल महाराष्ट्रात दीर्घकाळ चालली. धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. धूर डोळ्यांना झोंबून निदान सावध तरी करतो. निर्धूर दिसणारी शेगडी बंद खोलीत त्याहून घातक ठरते, आणि ‘धूर नाही म्हणजे भय नाही’ या समजुतीने थंडीच्या रात्री आजही बळी जातात.

मराठी स्वयंपाकघरात धुराडे का आले नाही, याचे उत्तर घराच्या बांधणीत शोधावे लागते. कौलारू किंवा शाकारलेल्या छपराच्या फटींतून धूर हळूहळू झिरपून जाई आणि जाता जाता वाशांना व गवताला किडीपासून काही प्रमाणात राखी. चुलीवरच्या माळ्यावर टांगलेले बियाणे व सुकवलेले जिन्नस त्या धुराने टिकत. मातीच्या धाब्याच्या घरांत छपराला ठेवलेले साणे, म्हणजे उजेडाचे आणि धुराचे भोक, पाऊस आला की झाकले जाई, आणि घर बंद असण्याच्या त्याच दिवसांत लाकूडही ओले असल्यामुळे पावसाळ्यातील स्वयंपाक सर्वांत जाचक होई. मौजेची गोष्ट अशी की, नळी असलेले ज्वलनपात्र मराठी घरात आले ते स्वयंपाकासाठी नव्हे, तर अंघोळीच्या पाण्यासाठी. तांब्याच्या बंबात मधोमध उभी नळी असते, तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडण्याची जागा आणि नळीभोवती पाणी; ढलप्या, करवंट्या किंवा कोळसे वरून टाकले की जाळीखालून हवा वर चढते आणि नळीच्या धगीने सभोवतालचे पाणी तापते. खालून हवा, चहूबाजूंनी वेढलेली आग आणि धुराला ठरलेली वाट, ही सुधारित चुलीची तिन्ही तत्त्वे न्हाणीघरात रोज डोळ्यांसमोर असताना त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला नाही.

शहरांत सरपण वखारीतून विकत घ्यावे लागे, त्यामुळे काटकसरीचे निराळे शोध लागले. त्यांतला भुशाच्या शेगडीचा विशेष उल्लेख करण्याजोगा आहे. पत्र्याच्या डब्याला तळाशी बाजूने भोक पाडायचे, मधोमध बाटली किंवा लाटणे उभे धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, आणि मग बाटली अलगद फिरवत वर ओढून घ्यायची, म्हणजे भुशात एक उभे भुयार तयार होते. खालच्या भोकातून पेटवले की आग त्या भुयाराच्या भिंतीवर सावकाश जळत राहते आणि मध्ये हात न लावता तास-दोन तास आच मिळते. बाटली काढताना हात थरथरला तर भुसा ढासळतो आणि सगळी भरणी पुन्हा करावी लागते. शेगडी भरणे हे घरातल्या ठरावीक माणसाचे काम होऊन बसे ते यामुळेच.

चूल सुधारण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न प्रथम वर्ध्याला झाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले, आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी असे नाव पडलेल्या जागेत संघाचे प्रयोग सुरू झाले. तेथे तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांच्याबरोबर चुलीचाही विचार झाला आणि स्वातंत्र्याच्या सुमारास ‘मगन चूल’ प्रचारात आली. मातीचीच, पण एकाहून अधिक भांडी घेणारी, आतल्या भुयाराने जोडलेली आणि शेवटी धुराडे असलेली ही चूल म्हणजे एका अर्थाने वैलाचीच पुढची पायरी होती. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख एस. पी. राजू यांनी याच दिशेची चूल विकसित केली आणि १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघरावर इंग्रजीत पुस्तिका प्रसिद्ध केली. धूर, काजळी, उष्णता, नासाडी आणि आगीचा धोका या पाचांपासून गृहिणीची सुटका हे त्यांनी मांडलेले उद्दिष्ट होते. ते आजही कोणत्याही चुलीला कसोटी म्हणून लावता येईल इतके नेमके आहे.

राजूंचा हा व्यापक दृष्टिकोन पुढच्या काळात आकुंचित झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर सरपणाच्या टंचाईची चर्चा सुरू झाली, चुलीला जंगलतोडीची आरोपी ठरवण्यात आले, आणि तिच्या सुधारणेचा अर्थ ‘लाकूड वाचवणे’ एवढाच उरला. डिसेंबर १९८३ मध्ये भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. किमान निम्मी रक्कम अनुदान, ठरावीक औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे इंधनातील उष्णतेपैकी भांड्यात उतरणारा वाटा, आणि जिल्ह्या-तालुक्यांना वाटून दिलेली उद्दिष्टे असे त्याचे स्वरूप होते. २००२ मध्ये केंद्राने तो थांबवला तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्याची नोंद झाली होती, पण बसवलेल्या आणि वापरात राहिलेल्या चुलींत मोठे अंतर होते. कार्यक्षमतेची परीक्षा सारख्या मापाच्या, वाळवलेल्या तुकड्यांवर घेतली जाई. गावातली बाई त्याच चुलीत वाकडी बाभूळ, ओली पऱ्हाटी आणि गोवरी घालणार होती. दुसऱ्या तोंडावर भांडे नसेल तर ते झाकावे लागते, नाहीतर धूर धुराड्याऐवजी तेथून वर येतो, ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. नळीत साचणारी काजळी वेळच्या वेळी झाडली नाही तर ओढ मंदावते, आणि साचलेले डांबर कधी नळीतच पेट घेते, हेही उद्दिष्टपूर्तीच्या तक्त्यात बसणारे नव्हते. कौलांतून नळी नेलेल्या जागी पावसाळ्यात घर गळू लागले की पुष्कळ घरांनी नळी काढून टाकली व भोक बुजवले, आणि निर्धूर चूल जास्तच धुरकट झाली.

महाराष्ट्रात या कार्यक्रमाला जे बरे वळण लागले त्याचे श्रेय तांत्रिक साहाय्य करणाऱ्या संस्थांइतकेच कुंभारांना आणि छोट्या कारागिरांना द्यावे लागेल. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या पुण्याच्या संस्थेने दोन भांड्यांची, जाळी आणि धुराडे असलेली ‘लक्ष्मी’ चूल प्रचारात आणली. ती साच्यातून काढता येत असल्याने आतली मापे बिघडत नसत आणि ती विकणे हा कारागिराचा धंदा होऊ शकत होता. ज्याला चूल विकून पोट भरायचे असते तो गिऱ्हाईक नाराज होऊ देत नाही आणि बिघडलेली नळी बघायला परत येतो. अनुदानाच्या यंत्रणेला हे साधले नसते. याच संस्थेला २००२ मध्ये उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या पाचटाचे निर्धूर इंधन करणे, म्हणजे धूर चुलीपर्यंत पोचूच न देणे, हा मार्ग आगोटीच्या तर्काशी जुळणारा होता.

चुलीकडे आरोग्याच्या नजरेने पाहण्याला जोर आला तोही १९८३ पासूनच. त्या वर्षी संशोधक कर्क स्मिथ आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतील सहकाऱ्यांनी गुजरातच्या चार गावांतील पाहणी प्रसिद्ध केली. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातील हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे सात मिलिग्रॅम धूलिकण आढळले होते. लाकूड किती वाचले हा प्रश्न तेव्हापासून मागे पडू लागला. चुलीच्या वापराचा मुद्दा मात्र तसाच राहिला. ओडिशातील सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेऊन हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवले की, सुधारित चुलींमुळे पहिल्या वर्षी धूर कमी झाला आणि पुढे तो फायदा नाहीसा झाला, कारण चुली नियमित व योग्य रीतीने वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची दुरुस्ती झाली नाही. या निष्कर्षाचा अर्थ कित्येकांनी ‘चुली निरुपयोगी’ असा लावला. तो ‘पोतेरे थांबले’ असाही लावता आला असता.

दरम्यान गॅस आला. १ मे २०१६ रोजी गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५८.६ टक्के, तर महाराष्ट्रातील सुमारे ८० टक्के घरांत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरले जात असल्याचे नोंदले गेले. सिलिंडर आला म्हणून चूल मोडली असे मात्र सर्वत्र झाले नाही. चहा, भाजी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, तर भाकरी, गुरांचे आंबोण आणि अंघोळीचे पाणी चुलीवर अशी वाटणी अनेक गावांत पडली. अशा घरांतून चूल परसात किंवा पडवीबाहेरच्या पत्र्याखाली सरकली आहे. धुराला वाट काढून देण्याचा प्रश्न तेथे आपोआप सुटला, पण एका वेळी एकच भांडे चढणार असल्याने तिला वैल घालण्याची गरज उरली नाही, आणि कुंभाराकडून आणलेल्या किंवा तीन विटा मांडून केलेल्या अशा चुलीवर सकाळी पाण्याचा हंडा चढतो तेव्हा जाळापुढे कोणी बसलेलेही नसते.